चहाच्या आधीची पाच मिनिटे: बँकेच्या कार्यालयातील योगाभ्यासाच्या प्रकल्प नोंदी

सोमवार, २ जून २०२५. जागेची पाहणी

सहकारी बँकेचे मुख्य कार्यालय, दोन मजले. खाली रोख व्यवहार आणि काउंटर, वर कर्ज, हिशेब आणि संगणक विभाग. दोन टेबलांमध्ये जेमतेम एक माणूस उभा राहील एवढी जागा आहे. चटई पसरता येणार नाही, त्यामुळे झोपून आणि जमिनीवर बसून करायची सगळी आसने आजच बाद केली.

वरच्या मजल्यावर चाकांच्या खुर्च्या आहेत. हात वर ताणले की अशी खुर्ची मागे सरकते, म्हणून अभ्यासापुरती तिची पाठ भिंतीला किंवा टेबलाला टेकवायची. ज्यांना तसे जमत नाही त्यांनी ग्राहकांसाठी ठेवलेल्या बिनचाकी खुर्च्या घ्यायच्या. बऱ्याच जणींचे पाय जमिनीला टेकत नाहीत. पाय लोंबकळत असले की खुर्चीच्या कडेचा दाब मांडीखाली पडतो, पायांना मुंग्या येतात आणि कंबर आपोआप पोक काढते. पाट करून घेईपर्यंत झेरॉक्सच्या कागदाचे न फोडलेले रीम वापरायचे. एका रीमची जाडी साधारण ५ सेंटिमीटर असते. एक पुरतो, काहींना दोन लागतात.

वेळेचा प्रश्न जागेपेक्षा अवघड होता. ११ वाजताची घंटा, मोबाइलचा गजर, संगणकावरची सूचना असे पर्याय पुढे आले आणि तिन्ही नाकारले. गजर बंद करायला एक बोट पुरते, आणि दोन दिवसांत ते बोट सरावते. या इमारतीत कुणीही न सांगता सगळे जण ज्यासाठी हातातले काम थांबवतात अशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे सव्वाअकराचा आणि चारचा चहा. म्हणून अभ्यास चहाला जोडायचा. चहा देणाऱ्या मावशींनी आधी रिकामे कप टेबलांवर मांडत जायचे. कप आला की सुरुवात, किटली आली की शेवट. चहानंतर अभ्यास ठेवायचा नाही, कारण कप रिकामा झाला की हात पुन्हा कीबोर्डवर जातात.

गुरुवार, ५ जून. क्रम ठरवला

आधार म्हणून केंद्रीय आयुष मंत्रालयाचा ‘वाय-ब्रेक’, म्हणजे कामाच्या जागी करायचा पाच मिनिटांचा योगाभ्यास, घेतला. जानेवारी २०२० मध्ये त्याची चाचणी झाली आणि सप्टेंबर २०२१ मध्ये त्याचे अॅप आले. नवी दिल्लीच्या मोरारजी देसाई राष्ट्रीय योग संस्थेचा त्यात मुख्य वाटा आहे. ताडासन, ऊर्ध्वहस्तोत्तानासन, स्कंधचक्र, उत्तानमंडूकासन, कटिचक्रासन, प्रसारित पादोत्तानासन, अर्धचक्रासन, दीर्घ श्वसन, नाडीशोधन (आलटून पालटून एकेका नाकपुडीने श्वास), भ्रामरी (गुणगुणत श्वास सोडणे) आणि ध्यान एवढे सगळे त्यात पाच मिनिटांत बसवले आहे. निवड चांगली आहे. मात्र या कार्यालयात ती जशीच्या तशी चालणार नाही. पाय फाकवून खाली वाकण्याचे प्रसारित पादोत्तानासन साडीत होत नाही, आणि डोके हृदयाच्या खाली जाते म्हणून रक्तदाब व काचबिंदू असणाऱ्यांना ते नको. नाडीशोधन आणि भ्रामरी घाईने उरकण्यापेक्षा न केलेले बरे. एका बैठकीत एकच श्वसनप्रकार घ्यायचा, असे ठरले.

आमचा क्रम, एकूण ३०० सेकंद:

बैठक आणि पाय नीट ठेवणे २०. सावकाश श्वसन, चार फेऱ्या ४०. मान ४०. स्कंधचक्र ४०. बोटे गुंफून हात वर ३०. खुर्चीवर बसून पीळ, दोन्ही बाजू मिळून ४०. उभे राहून टेबलाला हात टेकवून अर्धे वाकणे ३०. पुन्हा बसून श्वसन, चार फेऱ्या ४०. काहीही न करता बसणे २०.

श्वसनाचे दोन तुकडे मुद्दाम केले. ऑफिसात अभ्यास मध्येच मोडतो: साहेबांचे बोलावणे येते, फोन वाजतो, ग्राहक वर येतो. मोडला की बुडते ते शेवटचे, आणि रूढ क्रमात प्राणायाम शेवटीच असतो. म्हणजे सगळ्यांत मोलाची गोष्टच रोज वाया जाणार. आता पहिल्या मिनिटातच चार सावकाश श्वास पदरात पडतात, पुढचे काही राहिले तरी चालते.

सोमवार, ९ जून. पहिली बैठक, दिसलेले दोष

मान. सांगितले नव्हते तरी बहुतेकांनी मान गोल फिरवली. शाळेच्या पीटीची सवय. पूर्ण गोलात मान मागे पडते तेव्हा मणक्यांच्या मागच्या सांध्यांवर भार येतो, आणि ज्यांना मानेचा स्पाँडिलोसिस आहे त्यांना घेरी येऊ शकते. आपल्याला हवे ते एवढेच: हनुवटी छातीकडे आणि परत मध्ये, उजवा कान उजव्या खांद्याकडे आणि परत, तसेच डावीकडे. प्रत्येक हालचाल सोडत्या श्वासावर, परत येणे घेत्या श्वासावर. कान खांद्याकडे न्यायचा, खांदा उचलून कानाला लावायचा नाही. मागे बिलकूल नाही.

स्कंधचक्र. बोटांची टोके खांद्यांवर, कोपरांनी मोठी वर्तुळे, पाच पुढून मागे आणि पाच मागून पुढे. दिवसभर हात कीबोर्डकडे पुढे असतात, त्यामुळे पुढून मागे येणारी वर्तुळे जास्त कामाची. घाई झाली तर दुसरी पाच सोडावीत. खांद्यातून कटकट आवाज आला आणि दुखले नाही तर चिंता नको. दुखले तर वर्तुळ लहान करावे.

हात वर. यात श्वास कोंडतो. हात वर गेले की लोक दम धरतात, चेहरा लाल होतो. ‘श्वास घेत वर’ ही सूचना पुरत नाही. त्यापाठोपाठ ‘वर असतानाच दोनदा सोडा’ असे म्हणावे लागते. फासळ्या पुढे काढून कंबर वाकवली तर हात वर गेल्यासारखे दिसतात, पण खांदा जागचा हललेला नसतो. शेवटच्या फासळ्या आत ठेवून जेवढे जातील तेवढेच हात न्यायचे.

पीळ. खुर्चीचा हात धरून अंग ओढून घेण्याची चूक सर्रास होते. दंडाच्या जोराने कंबर पिळली की उसण भरण्याचा धोका असतो. आधी श्वास घेऊन पाठ उंच करायची, सोडताना बेंबीपासून वळायला लागायचे, हात नुसता टेकवायचा. दोन्ही गुडघे समोरच राहिले पाहिजेत. एक गुडघा पुढे सरकला असेल तर पीळ न बसता नुसते नितंब फिरले आहेत. फिरत्या खुर्चीवर तर खुर्चीच वळते, म्हणून इथे बिनचाकी खुर्ची हवीच.

टेबलाला टेकून वाकणे. तळवे टेबलाच्या कडेवर, दोन पावले मागे, पाठ सपाट, कान दंडांच्या रेषेत. पोटऱ्या ताणल्या जात असतील तर गुडघे किंचित वाकवावेत. त्याने काही बिघडत नाही, उलट कंबर वाचते. टेबलावर काच असेल तर ती आधी हलवून पाहावी. सैल काच हाताबरोबर सरकते. चपला-बूट काढलेले बरे, पण मोजे घालून गुळगुळीत फरशीवर उभे राहू नये.

बुधवार, ११ जून. श्वास

या प्रकल्पाचा गाभा हाच आहे, म्हणून सविस्तर.

मोठा माणूस स्वस्थ बसलेला असताना मिनिटाला साधारण १२ ते १८ श्वास घेतो. ४ अंक घेणे आणि ६ अंक सोडणे असे केले की एक फेरी १० सेकंदांची होते, म्हणजे मिनिटाला ६. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना व्हेगस चेतेच्या (मेंदूकडून हृदयाकडे येणाऱ्या नसेच्या) प्रभावामुळे कमी होतात. सोडण्याचा काळ लांबवायचा तो यासाठी. घेण्यावर जोर द्यायचा नाही.

नेमके उलटे घडते. ‘दीर्घ श्वास घ्या’ म्हटले की लोक छाती फुगवून हवा ओढतात आणि भसकन सोडतात. असे सात-आठ वेळा झाले की डोके हलके होते, ओठांना आणि बोटांना मुंग्या येतात. प्राणवायू कमी पडला असे वाटून माणूस आणखी जोराने ओढतो आणि त्रास वाढतो. खरे तर गरजेपेक्षा जास्त हवा बाहेर गेल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटलेला असतो. उपाय: मोजणे बंद, तोंड मिटून नाकाने, लहान आणि आवाज न होणारा श्वास. शेजारच्याला ऐकू आला तर तो मोठा झाला असे समजावे. सूचनेतून ‘दीर्घ’ हा शब्द काढला आणि ‘सावकाश’ घातला.

४ आणि ६ हे आकडे देवाने दिलेले नाहीत. ज्यांना ६ पुरत नाही, ज्यांची शेवटी धाप लागते, त्यांनी ३ आणि ४ घ्यावे. पुढच्या श्वासासाठी तोंड उघडावेसे वाटले तर माप मोठे झाले. कुंभक (श्वास रोखून धरणे) नाही, एका अंकाचाही नाही.

पोटावर हात ठेवून श्वास बघायला सांगितले तर साडी नेसणाऱ्यांना काहीच हलताना दिसत नाही. परकराची नाडी घट्ट असते आणि त्यावर निऱ्यांची जाडी. पुरुषांचा पट्टा तेच काम करतो. पोट पुढे येऊ शकत नाही म्हणून श्वास गळ्याशी अडतो आणि खांदे वर उचलले जातात. इथे हात पोटावर न ठेवता दोन्ही बाजूंच्या खालच्या फासळ्यांवर ठेवायचे, अंगठे पाठीकडे. फासळ्या बाजूला रुंद होताना हाताला लगेच कळते, आणि नाडी सैल करायची गरज पडत नाही.

अंक मोजणाऱ्याने घड्याळाच्या सेकंद काट्याकडे बघून मोजावे. मनातल्या मनात मोजले की गती हटकून वाढते.

सोमवार, १६ जून. काउंटर आणि रोखपाल

खालच्या मजल्याला चहाची वेळच नाही. कप येतो आणि टोकनांच्या गर्दीत थंड होतो. इथे पाच मिनिटांचा आग्रह धरला तर अभ्यास मुळीच होणार नाही.

रोखपालासमोर रोकड असते. त्याने डोळे मिटायचे नाहीत, पाठ फिरवायची नाही, जागा सोडायची नाही. त्यामुळे त्याच्यासाठी वेगळे माप केले: तीन श्वास, उघड्या डोळ्यांनी, दोन टोकनांच्या मध्ये. खूण घड्याळाची नको, कामाचीच हवी. बंडलाला रबर लावले, ड्रॉवर बंद केला, की तीन. पहिल्या सोडत्या श्वासाला खांदे खाली, दुसऱ्याला जबडा सैल, म्हणजे वरचे आणि खालचे दात एकमेकांपासून सुटलेले, तिसऱ्याला दोन्ही तळपायांचा जमिनीवरचा भार जाणवू द्यायचा. ३० सेकंद. समोरच्या ग्राहकाला माणूस नुसता बसलेला दिसतो.

नोटा मोजून रोखपालाचा अंगठा आणि मनगट भरून येते. मुठी सावकाश मिटणे आणि बोटे पसरणे, दहा वेळा, एवढे पुरेसे. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला दाबल्यावर कळ येत असेल तर अंगठा मुठीत धरून ओढायचा ताण देऊ नये. त्याने तिथला कंडरा (स्नायू हाडाला जोडणारा दोर) आणखी चिडतो. ते डॉक्टरांना दाखवावे.

तळहात चोळून डोळ्यांवर ठेवण्याचा प्रकार सगळ्यांना आवडतो, पण नोटा हाताळलेले हात डोळ्यांना आणि नाकाला लावायचे नाहीत. खालच्या मजल्याच्या क्रमातून तो काढला. त्याऐवजी दाराबाहेर, साधारण ६ मीटरवरची वस्तू २० सेकंद पाहायची आणि त्या वेळात दहा-बारा वेळा हलकेच पापण्या मिटायच्या. पडद्याकडे बघताना पापण्या लवणे खूप कमी होते, डोळे चुरचुरतात ते त्यामुळे. दिवसभर पडदा बघणाऱ्याला कार्यालयात त्राटक देऊ नये. त्या डोळ्यांना एकटक बघण्यापासूनच सुटका हवी असते.

शनिवार, २१ जून

आंतरराष्ट्रीय योग दिन. तिसरा शनिवार, बँक चालू. सकाळी वाहनतळावर चटया टाकून योग दिनासाठी सरकारने ठरवलेला सुमारे ४५ मिनिटांचा सामायिक योग अभ्यासक्रम झाला. त्यानंतर सव्वाअकराची बैठकही घेतली. मोठा कार्यक्रम झाला म्हणून छोटा सोडला तर सवयीला खिंडार पडते.

बुधवार, २५ जून. कुणी काय टाळायचे

हे भिंतीवर लावायचे नाही, प्रत्येकाशी एकट्याने बोलायचे. सहकाऱ्यांसमोर आजार सांगायला कुणालाच आवडत नाही.

रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी वाकून वर येताना दोन श्वासांचा वेळ घ्यावा. झटकन उठल्यावर दाब उतरून डोळ्यांपुढे अंधारी येते. काचबिंदू असेल तर डोके खाली नको. टेबलाला टेकतानाही पाठ आडवी होण्याआधी थांबावे. पाठीच्या चकतीचा त्रास आणि पायात उतरणारी कळ असेल तर पीळ व वाकणे दोन्ही वगळून श्वसन वाढवावे. गरोदरपणात पोटावरचा पीळ नको, खांदे आणि छातीपुरते वळावे, आणि आपल्या डॉक्टरांना विचारून बाकीचे. मधुमेही व्यक्तीला बैठकीत थरथर किंवा दरदरून घाम आला तर तो योगाचा परिणाम मानून बसू नये, साखर तपासावी.

कपालभातीची मागणी सारखी होते. दूरदर्शन वाहिन्यांनी ती घरोघर पोचवली आहे. ती इथे ठेवलेली नाही. पोटात डबा असताना, बसल्या जागी, ज्यांचा रक्तदाब माहीत नाही अशा लोकांकडून एकत्र करून घ्यायची ती क्रिया नव्हे. सकाळी, रिकाम्या पोटी, शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली करावी. चारच्या बैठकीतही जेवण होऊन दोन तास झालेले नसतील तर पीळ सोडायचा.

सोमवार, ३० जून. तिमाहीअखेर

पाच मिनिटे नाहीत. आधीच ठरल्याप्रमाणे सगळ्या इमारतीने आज रोखपालाचे माप घेतले: तीन श्वास, प्रत्येक फाइल मिटताना. ताणाच्या दिवशी अभ्यास ‘राहिला’ अशी नोंद होऊ द्यायची नाही. माप लहान करायचे, खूण तीच ठेवायची.

शुक्रवार, ११ जुलै. पावसाळी नाके, भ्रामरी

सर्दीने अर्ध्यांची एक नाकपुडी बंद. नाडीशोधनात बंद नाकपुडीतून जोराने ओढले तर कपाळ दुखते, कान दडतात. म्हणून चारच्या बैठकीत या महिन्यापुरती भ्रामरी घेतली.

गुणगुणल्याने नाकातल्या नायट्रिक ऑक्साइड या वायूचे प्रमाण शांत उच्छ्वासाच्या तुलनेत सुमारे १५ पट होते, असे स्वीडनमधल्या संशोधकांनी २००२ मध्ये दाखवले. सायनसमधली हवा आवाजाच्या कंपनाने खेळती राहते हे त्यामागचे कारण. तरी भ्रामरी हे सर्दीवरचे औषध म्हणून सांगायचे नाही. तिचा इथला उपयोग साधा आहे: गुणगुणताना श्वास आपोआप लांब सुटतो, मोजावे लागत नाही, आणि आवाजामुळे मन एका जागी बसते.

पद्धत: ओठ मिटलेले, दात सुटलेले, कानाच्या भोकासमोरची छोटी पाकळी अंगठ्याने हलकी दाबायची. बोट कानात घालायचे नाही. आवाज खालच्या पट्टीत, फोनवर बोलणाऱ्याला त्रास होणार नाही इतका. पाच वेळा. पहिल्या दिवशी हसू फुटते, फुटू द्यावे. ज्यांना चारचौघांत आवाज काढायचा संकोच वाटतो त्यांनी ४ आणि ६ चेच श्वसन करावे, त्यात काही उणे नाही.

मंगळवार, २२ जुलै. एक मिनिट सजगता

दोन कामांच्या मधल्या एका मिनिटासाठी सूचना लिहून काढली. इथे दोन वेगळ्या गोष्टींची भेसळ होते. प्राणायामात आपण श्वास बदलतो. आनापानात, म्हणजे इगतपुरीच्या धम्मगिरीवर शिबिराच्या सुरुवातीला जे शिकवतात त्यात, श्वास जसा आहे तसा फक्त बघायचा असतो, मोजायचाही नाही. अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात रुग्णांसाठी जो सजगतेचा अभ्यासक्रम सुरू केला, त्यातही श्वासाकडे असेच बघणे आहे. एका मिनिटात दोन्ही करू नये. मोजायचे तर मोजा, बघायचे तर बघा.

बघण्याचे मिनिट असे: नाकपुडीच्या कडेला हवा लागते ती जागा धरायची. थंड की कोमट, उजवीकडे की डावीकडे. मन कर्जाच्या फाइलवर गेले की ‘गेले’ एवढे ओळखून परत यायचे. मिनिटात वीसदा गेले तर वीसदा परत आणणे हाच अभ्यास आहे. विचार बंद पाडायचे असतात ही समजूत सगळ्यांत हट्टी निघाली आणि लोक अभ्यास सोडतात ते बहुतेक तिच्यापायी. म्हणून रोजच्या सूचनेतले पहिले वाक्य तेच केले: ‘विचार येऊ द्या.’

काही जणांना श्वासाकडे बघितल्यावर धडधड वाढते, विशेषतः ज्यांना पूर्वी घाबरे होण्याचा त्रास झालेला आहे. त्यांना श्वासाला चिकटवून ठेवू नये. तळपाय, हातातल्या कपाची ऊब किंवा पंख्याचा आवाज, यांतले एक घ्यावे, डोळे उघडे ठेवावेत.

शुक्रवार, ८ ऑगस्ट. सोपवणे

आता सूचना बोलायचे काम विभागातल्याच माणसांकडे. प्रत्येक मजल्यावर दोघे, म्हणजे एक रजेवर असला तरी बैठक बुडत नाही. वरिष्ठ अधिकाऱ्याला हे काम दिलेले नाही. साहेब बोलू लागले की हजेरी होते, अभ्यास होत नाही. हजेरीपट ठेवलेला नाही, ठेवू नये. जो त्या पाच मिनिटांत काम करत बसतो त्याला टोकायचे नाही.

सूचना बोलताना चार गोष्टी: वाक्य लहान, आधी श्वास मग हालचाल, ‘छान’, ‘सुंदर’ असले शेरे नाहीत, आणि स्वतः करून दाखवत असताना अंक मोजायचे नाहीत. दोन्ही एकदम केले की बोलणाऱ्याचाच श्वास तुटतो.

चहा देणाऱ्या मावशींचे सगळे काम पायांवर आहे. त्यांना हात वर ताणण्यापेक्षा बसण्याची गरज जास्त. दोन्ही वेळा किटली भरून तयार झाली की पाच मिनिटे खुर्चीत बसून पाय समोरच्या स्टुलावर, घोटे दोन्ही दिशांना दहा-दहा वेळा फिरवणे, मग चार सावकाश श्वास. त्या पाच मिनिटांत त्यांना कुणी हाक मारायची नाही, हे दोन्ही मजल्यांवर सांगितले.

बाकी कामे: काउंटरसाठी लाकडी पाट, उंची ८ आणि १२ सेंटिमीटर, सुताराकडे माप दिले, खाली रबर लावून घ्यायचे. वरच्या मजल्यावर बिनचाकी खुर्च्या अजून कमी आहेत. सर्दीचे दिवस सरले की चारच्या बैठकीत नाडीशोधन, फक्त वरच्या मजल्यावर, हात धुऊन. गणपतीनंतर पुन्हा फेरी, तेव्हा आधी पिळाची तपासणी: गुडघे समोर राहतात का ते बघायचे.